झाकणावरची बायको

बायको गेल्यानंतर मिस्त्रीला ती पहिल्यांदा दिसली ती दुकानातल्या फ्रिजमध्ये.

घरातलं दूध संपलं होतं, म्हणून कामावरून येताना तो कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात शिरला होता. दुधाच्या शेजारच्या फळीवर गोड दह्याचे कप मांडले होते. गुलाबी झाकणांचे. आणि प्रत्येक झाकणावर ती. डोक्याला निळा रुमाल, हातात चमचा, तोंडभर हसू. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीच ती. फ्रिजचं दार उघडं धरून मिस्त्री इतका वेळ उभा राहिला की दाराची पिपाणी वाजायला लागली, आणि मागची एक बाई म्हणाली, "अहो, घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर बाजूला तरी व्हा."

तो बाजूला झाला. दूध न घेताच घरी आला.

खरं तर त्याला धक्का बसायचं कारण नव्हतं. फोटो लावायला त्यानंच होकार दिला होता. पण होकार देणं वेगळं, आणि बायको थंडगार फळीवर रांगेनं हसताना बघणं वेगळं.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. शेजारी, कामावरची माणसं, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे, आणि बायकोही चारचौघांत तसंच म्हणायची. तो अबोल. ती त्याच्या अगदी उलट. पडद्याच्या कापडाच्या दुकानात ती कामाला होती, आणि गिऱ्हाइकाला कापड फाडून देईपर्यंत त्याच्या घरातल्या खिडक्या, भिंती, सासू, सून सगळं तिला ठाऊक झालेलं असे. दुकानात तिला 'रेडिओ' म्हणायचे. घरी आल्यावर तोच रेडिओ स्वयंपाकघरात लागायचा. मिस्त्री नुसता 'हं' म्हणायचा. मूलबाळ नव्हतं, पण घर कधी रिकामं वाटलं नाही. ती एकटी चौघांच्या वाटणीचं बोलायची.

मग तिला छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आणि पुन्हा वॉर्डात राहायची वेळ आली. त्याच वॉर्डात एक दिवस दह्याच्या कंपनीची माणसं आली. त्यांची मोहीम होती: लोकांनी गुलाबी झाकण धुऊन कंपनीला पाठवायचं, आणि कंपनी झाकणांच्या हिशेबानं त्या वॉर्डाला मदत देणार. जाहिरातीसाठी त्यांना खरा पेशंट हवा होता. मोहिमेच्या बाई खाटेखाटेपाशी जाऊन विचारत होत्या. कुणी भिंतीकडे तोंड फिरवलं, कुणी पांघरूण वर ओढलं. रेडिओ मात्र उठून बसली.

"माझा काढा की! पण जरा थांबा. हा रुमाल चादरीचा तुकडा फाडून बांधल्यासारखा दिसतोय." मग मिस्त्रीकडे वळून, "जा, माझा निळा घेऊन या. दुसऱ्या खणात आहे. आणि लगेच या, हे लोक जातील."

मिस्त्री गेला, घेऊन आला. फोटोवाला म्हणाला, "आता दही चाखल्यासारखं करा, आवडल्यासारखं." तिला तेव्हा पाणीसुद्धा कडू लागत होतं. ती म्हणाली, "चव गेली माझी, पण नाटक शाबूत आहे." सगळा वॉर्ड हसला, तीही हसली, आणि फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

कप बाजारात यायच्या आत ती गेली. मोहिमेच्या बाईंनी फोन केला. आधी त्या खूप वेळ नुसतं वाईट वाटल्याचं बोलल्या, आणि ते खोटं वाटलं नाही. मग म्हणाल्या, "फोटोचं तुम्ही म्हणाल तसं करू. नको म्हणालात तर नको." मिस्त्री म्हणाला, "लावा. तिला हौस होती."

एवढंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा त्या दुकानात गेला. तिसऱ्या दिवशीही. हळूहळू त्याचं तिथं जाणं ठरूनच गेलं. काम संपलं की हात धुवायचे, अंगातला कामाचा सदरा बदलायचा, आणि दुकानात जायचं. कुणी कप उचलून उलटासुलटा ठेवला असेल तर तो सरळ करायचा, म्हणजे तिचं तोंड समोर येईल असा. मागे ढकलले गेलेले पुढे घ्यायचा. दुकानातल्या लोकांना वाटलं, हा कंपनीचाच माणूस आहे. मग एक कप घेऊन घरी.

त्याला गोड आवडत नसे. दही गुलाबी होतं, त्याला कुठल्याशा फळाचा वास होता, आणि ते जिभेवर बराच वेळ चिकटून राहायचं. तरी तो खायचा. जेवणाच्या टेबलावर झाकण समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि खाता खाता बोलायचा. आयुष्यभर 'हं' म्हणणारा माणूस आता बोलायला लागला होता. "आज त्या उंच इमारतीत दोन बाया अडकल्या होत्या. एक रडत होती, दुसरी तिला रागवत होती. सासू-सून असणार." झाकण हसायचं. "तुझ्या दुकानावरून गेलो. काचेत हिरवे पडदे लावलेत. तुला आवडले नसते." झाकण हसायचं.

झाकणं कंपनीला पाठवायची असतात हे त्याला माहीत होतं. एकदा त्यानं पाकीट आणलंही. पण तिला आत घालून डिंक लावायला त्याचा हात धजेना. झाकणं तो धुऊन पुसून खणात ठेवत गेला.

हे असं बरेच महिने चाललं. मग एका रविवारी दुपारी मेहुणी आली.

मेहुणी म्हणजे रेडिओची धाकटी बहीण. शाळेत शिकवायची. बहिणीसारखीच बोलकी, पण बहिणीच्या बोलण्यात हसू असायचं, हिच्या बोलण्यात धार. ताई गेल्यापासून अधूनमधून डबा घेऊन यायची, घर बघायची, दोन शब्द सुनवायची आणि जायची. त्या दिवशी डबा ठेवायला तिनं फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली.

"भावोजी, हे काय?"

"दही."

"दही ते मलाही दिसतंय. एवढं? आणि दुसरं काहीच नाही? भाजी कुठाय?"

मेहुणीनं एक कप बाहेर काढला, झाकणाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. ती खुर्चीवर बसली.

"मी हे दुकानात बघते ना, तेव्हा दुसऱ्या बाजूनं जाते," ती म्हणाली. "मला बघवत नाही. आणि तुम्ही रोज खाता हे?"

"एखादा."

"यात काय आहे माहितेय? हा रंग. हा गुलाबी रंग." तिनं कप उलटा करून बारीक अक्षरांवर नख ठेवलं. "आमच्या शाळेत पालकांनी आवाज उठवला म्हणून मधल्या सुट्टीत हे द्यायचं बंद केलं. उंदरांना दिला तर गाठी झाल्या, असं कुणीतरी शोधून काढलंय."

"उंदरांना."

"हो, उंदरांना. माणसांचं अजून काही सिद्ध नाही, तेही मला माहितेय. कंपनी म्हणते, मर्यादेत आहे. काही ठिकाणी बंद केलाय, काही ठिकाणी चालू आहे. नसेलही त्यात काही. पण भावोजी, ज्या दह्याबद्दल गाठींची शंका आहे, त्यावर ताईचा फोटो? गाठीनं गेलेल्या बाईचा? आणि खाली लिहायचं, तिच्यासाठी खा?"

मिस्त्रीनं तिच्या हातातला कप हळूच काढून घेतला आणि परत फ्रिजमध्ये ठेवला. तोंड समोर करून.

"वॉर्डाला मदत मिळते त्यातून," तो म्हणाला.

मेहुणीनं हात जोडले. "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

पण ती गेल्यावर त्याला ते दही गिळेना. चमचा तोंडाजवळ नेला की मेहुणीनं नख ठेवलेली ती बारीक अक्षरं आठवायची. रेडिओ धडधाकट होती तेव्हा हेच दही घरी आणायची, कधीमधी, दुकानातल्या बायकांबरोबर खायलाही न्यायची. ते आठवलं आणि त्यानं कप दूर सरकवला.

शेवटी तो रेडिओवर उपचार केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. हॉस्पिटलात नाही. तिथल्या लिफ्टचं काम त्याच्याच कंपनीकडे होतं, पण ती गेल्यापासून तो ते काम जोडीदाराच्या गळ्यात मारत आला होता. डॉक्टरीणबाई संध्याकाळी बाहेर एका लहानशा खोलीत बसायच्या, तिथं तो नंबर लावून बसला.

"तुम्ही? काय होतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला काही नाही. एक विचारायचंय. माझ्या बायकोला त्या दह्यानं झालं का?"

त्यांना कुठलं दही हे विचारावं लागलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "म्हणजे, असं कुणालाच सांगता येणार नाही. हो असंही नाही आणि नाही असंही नाही. कधीमधी खाल्लेल्या दह्यानं झालं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही तो विचार डोक्यातून काढून टाका."

"तुमच्या घरी आणता?"

डॉक्टरीणबाई टेबलावरच्या कागदांशी चाळा करत राहिल्या.

"नाही आणत," त्या म्हणाल्या. "हे डॉक्टर म्हणून नाही सांगत. घरात लहान मुलं आहेत, शंका आहे, तर कशाला, एवढंच."

"मग तुम्ही कंपनीला बोलला नाहीत?"

"बोलले होते की. सुरुवातीला. त्यांनी ऐकून घेतलं, तपासतो म्हणाले." त्यांनी मिस्त्रीकडे सरळ बघितलं. "मग त्यांच्या पैशातून तपासणीचं मशीन आलं. त्याच्या आधी बायकांना तपासायला दुसऱ्या गावी पाठवावं लागायचं. निम्म्या जायच्याच नाहीत. आता इथल्या इथे होतं. त्या मशीननं गाठ लवकर सापडलेल्या बायका माझ्यासमोर बसतात, मिस्त्री. त्यानंतर मी रंगाचा विषय काढला नाही."

मिस्त्रीनं मान हलवली. बाई खोटं बोलली नाही, हे त्याला बरं वाटलं. पण बरं वाटून काही सुटलं नाही.

मग त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दह्याच्या कंपनीच्या ऑफिसात गेला. बाहेरून काचेची इमारत, आत गुबगुबीत खुर्च्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक छोटा फ्रिज, दह्याच्या कपांनी भरलेला. भिंतीवर ती. माणसाच्या उंचीपेक्षा मोठी. रुमालावरची शिवण दिसावी एवढी मोठी. ती शिवण तिनं स्वतः घातली होती, एका टोकाला जरा वाकडी गेली होती. मिस्त्री तिथंच बसून राहिला असता, पण मोहिमेच्या बाई स्वतः खाली आल्या, दोन्ही हातांनी त्याचा हात धरून वर घेऊन गेल्या, चहा मागवला.

"तुम्ही याल असं कधीचं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "लोक विचारतात त्यांच्याबद्दल. त्यांच्यामुळे ही मोहीम एवढी चालली."

मिस्त्रीला आडवळणानं बोलता येत नसे. "रंगाचं काय?" त्यानं विचारलं.

बाईंचा चेहरा पडला नाही, पण हसू थोडं आवरलं गेलं. "रंग मर्यादेत आहे. सगळ्या नियमांत बसतो."

"शाळांनी बंद केलंय म्हणतात."

"काही शाळांनी. लोक घाबरतात. आम्हीही रंग बदलायचं बघतोय. पण त्याला वेळ लागतो, चव बदलते, दिसणं बदलतं. एका दिवसात होत नाही."

"मग बदलेपर्यंत गुलाबी झाकण थांबवा."

"ते माझ्या हातात नाही," बाई म्हणाल्या. आणि मग, दार लोटलेलं आहे ना हे बघून, हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगू? मदतीचा आकडा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतो. त्याच्यापुढे कितीही झाकणं आली तरी मदत तेवढीच."

"मग लोक झाकणं धुऊन कशाला पाठवतात?"

"लोकांना बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "आणि दही खपतं."

चहा आला. दोघांनीही तो घेतला नाही.

"मी फोटो काढून घ्या म्हटलं तर?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुमचा हक्कच आहे. पुढच्या मालापासून निघेल. दुसऱ्या एका बाईंचा फोटो आम्ही काढून ठेवलाय." त्यांना स्वतःलाच ते वाक्य कसंसं वाटलं असावं, कारण त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

"म्हणजे दही तेच."

"दही तेच."

मिस्त्री घरी आला. त्यानं ठरवलं होतं, घाई करायची नाही. फोटो काढला तर रंग जाणार नाही, दही थांबणार नाही, नुसती ती जाईल. पुन्हा एकदा. आणि आपणच सांगून. कशासाठी? त्यानं टेबलावर झाकण तांब्याला टेकवलं आणि समोर बसला.

"आज तुझ्या कंपनीत गेलो होतो," तो म्हणाला. "भिंतीवर लावलंय तुला. केवढी मोठी!" झाकण हसलं. "त्या दह्यात रंग आहे म्हणे. बरा नाही म्हणतात. नक्की कुणालाच माहीत नाही." झाकण हसलं. "पोरं खातात ते. तुझं तोंड बघून त्यांच्या आया घेतात." झाकण तसंच हसत होतं.

मिस्त्री बघत राहिला. त्याला एकदम तिचा खरा चेहरा आठवला. दुकानदारानं एकदा विटलेलं कापड नवं म्हणून विकायला लावलं होतं, तेव्हा ती घरी येऊन किती भडकली होती! ताट सरकवून उठली होती. "गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून घेतं, मिस्त्री! मालकाच्या नाही!" दुसऱ्या दिवशी तिनं कापडाचा तो गठ्ठा मालकाच्या टेबलावर नेऊन आपटला होता. नोकरी जाता जाता राहिली होती. त्या रेडिओला हे रंगाचं सांगितलं असतं, तर ती अशी चमचा धरून हसत बसली असती?

झाकणावरची बाई काहीही सांगितलं तरी हसत होती. इतके महिने तो हिच्याशी बोलत होता, आणि त्याची बायको ही नव्हतीच.

सकाळी त्यानं मोहिमेच्या बाईंना फोन करून सांगितलं, "काढून टाका." पलीकडे त्यांनी दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुम्ही बरोबर करताय असं मला वाटतं. मी असं बोललेलं कुणाला सांगू नका."

मेहुणीला वाटलं होतं, आता भावोजी वर्तमानपत्रात जातील, कंपनीच्या दारात उभे राहतील. तिनं बातमीदाराशी बोलूनही ठेवलं होतं. मिस्त्री नको म्हणाला.

"मला बोलता येत नाही लोकांसमोर."

"मी बोलते. तुम्ही नुसते शेजारी बसा."

"तिचा फोटो पुन्हा सगळीकडे येईल. आता भांडण म्हणून येईल. नको."

"म्हणजे तुम्ही आपली बायको तेवढी काढून घेतलीत," मेहुणी म्हणाली. "बाकीच्यांच्या पोरांनी खाल्लं तर खाऊ दे. असंच ना?"

मेहुणीनं डबा उचलला आणि गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्यानं एकदा केला, तिनं उचलला नाही, आणि दुसऱ्यांदा करायचं त्याच्या जिवावर आलं.

झाकणावरचा फोटो एका दिवसात गेला नाही. आधी मोठ्या दुकानात नवा माल आला. झाकणावर दुसरी बाई होती, गोल चेहऱ्याची, डोक्यावर पिवळी टोपी, चमचा तसाच धरलेला. काही दिवस दोघी शेजारी शेजारी होत्या. मग रेडिओ मागे ढकलली गेली, मग एका कोपऱ्यात उरली, मग नाहीशी झाली. मिस्त्री लहान दुकानांतून फिरायला लागला. घ्यायचं काही नसे, नुसतं बघायचं. बसथांब्यामागच्या एका अंधाऱ्या दुकानात त्याला फ्रिजच्या तळाशी एक कप सापडला. तो त्यानं काढून दुकानदारापुढे ठेवला.

"अरे, हा कसा राहिला?" दुकानदार म्हणाला. "तारीख उलटून गेली, काका. विकता नाही येणार." आणि मिस्त्री काही म्हणायच्या आत त्यानं तो कप मागच्या डब्यात टाकला. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. "नव्यातला देऊ?"

"नको," मिस्त्री म्हणाला.

घरी खणात धुतलेली झाकणं होती. पण त्यानं खण उघडला नाही. संध्याकाळी तो आता भाजी चिरायचा, चुकीच्या मापात भात लावायचा, दोन माणसांचा, आणि उरलेला सकाळी खायचा. टेबलावर पाण्याचा तांब्या नुसता असायचा. बोलायची सवय लागली होती, ती लवकर सुटेना. कधी तोंड उघडायचा आणि समोर कुणी नाही हे ध्यानात येऊन घसा खाकरल्यासारखं करायचा.

अशात जोडीदार पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला आणि हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली. दुसरं कुणी नव्हतं. मिस्त्रीला जावंच लागलं.

मागच्या बाजूची, पेशंट न्यायची मोठी लिफ्ट होती. तळमजल्यावर दार अर्धवट उघडून अडकलेलं. मिस्त्री खाली बसून दाराच्या खाचेतला कचरा काढत होता. खाच साफ झाली तरी दार हलेना, म्हणजे वरचा पट्टा सरकला असणार. मागून आवाज आला.

"किती वेळ लागेल हो?"

चाकांच्या खुर्चीत एक बाई बसली होती. मांडीवर तपासणीचं मोठं पाकीट. बरोबर कुणी नव्हतं. तिला आणून सोडणारा माणूस तिला तिथंच ठेवून कुठंतरी गेला होता. गोल चेहरा होता, पण फोटोतल्यापेक्षा पुष्कळ उतरलेला. टोपी तीच, पिवळी.

मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला.

"झालंच," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही दह्याच्या झाकणावर आहात."

बाईचा चेहरा असा फुलला की त्याला बोललो याचा पश्चात्ताप झाला. "ओळखलंत? छान आलाय ना फोटो? सगळे म्हणतात. माझी मोठी बहीण माझ्याशी कैक वर्षं बोलत नव्हती. तिनं दुकानात बघितला आणि फोन केला. रडत होती. मी म्हटलं, बाई गं, दह्याच्या फ्रिजसमोर रडत उभी राहू नकोस, लोक हसतील."

मिस्त्री पुन्हा पट्ट्याकडे वळला. सांगावं की सांगू नये? हिच्याकडे दुसरं काय होतं? पण रेडिओला त्या दिवशी खाटेपाशी येऊन कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि ते त्याला आत कुठंतरी टोचत राहिलं होतं. दाराकडे तोंड ठेवूनच तो बोलला. त्या दह्यातल्या रंगाचं, शंकेचं, नक्की कुणालाच माहीत नसल्याचं, मशीनचंही. तुमच्या आधी झाकणावर होती ती माझी बायको, हेही.

बाईनं मांडीवरचं पाकीट घट्ट धरलं. मग तिचा आवाज चढला.

"तुम्ही मला हे आता का सांगताय? तुमच्या बायकोचा लागला होता तेव्हा चाललं. माझी पाळी आली आणि तुम्हाला रंग दिसला?"

"तिच्या वेळी माहीत नव्हतं."

"मग आता मी काय करू? काढून टाका म्हणू? बहिणीला काय सांगू?"

"काही करू नका," मिस्त्री म्हणाला. "माझ्या बायकोला कुणी सांगितलं नाही. तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. बस."

त्यानं पट्टा बसवला, दार हातानं सरकवून बघितलं. नीट सरकलं. बाई पाकिटाची कड दुमडत बसली होती. राग ओसरला होता की ती थकली होती, कळत नव्हतं.

"काय करायच्या त्या?" तिनं विचारलं.

"पडद्याच्या दुकानात होती." मिस्त्री पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "बोलायची फार. समोरच्याला नाव विचारायच्या आधी त्याच्या घरात किती खिडक्या आहेत ते विचारायची." बाईला हसू आलं. ते बघून तो आणखी सांगायला लागला, त्या विटलेल्या कापडाच्या गठ्ठ्याचं, रुमालासाठी घरी पिटाळल्याचं, वाकड्या शिवणीचं. लिफ्ट कधीच दुरुस्त झाली होती. दोघांनाही त्याची घाई नव्हती. तिला नेणारा माणूस येऊन म्हणाला, "चालू झाली का?" तेव्हा मिस्त्रीनं खुर्ची स्वतःच आत ढकलली आणि वर वॉर्डापर्यंत नेऊन सोडली. वॉर्डाच्या दारातून त्यानं आत बघितलं नाही.

"माझा फोटो राहू देणार मी," बाई दारात म्हणाली. "बहीण येते हो आता. पण तिच्या नातवंडांना ते दही देऊ नको म्हणून सांगेन. चालेल?"

"तुमचं तुम्ही बघा," मिस्त्री म्हणाला. "मी कोण सांगणारा?"

"पुन्हा येणार का?"

"लिफ्ट बिघडली तर."

"मग बिघडू दे," ती म्हणाली.

जोडीदार बरा होऊन कामावर आला तरी हॉस्पिटलचं काम मिस्त्रीनं आपल्याकडेच ठेवलं. पुढच्या खेपेला काम उरकल्यावर तो वॉर्डाच्या दारापर्यंत गेला, आणि या वेळी त्यानं आत बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. परिचारिका म्हणाली, पिवळ्या टोपीच्या बाई ना, त्यांना त्यांची बहीण आपल्या घरी घेऊन गेली, आता तिकडेच उपचार घेणार आहेत. फार खुशीत गेल्या.

"बरं झालं," मिस्त्री म्हणाला. आणि ते त्याला मनापासून वाटलं.

काही महिन्यांनी कंपनीनं रंग बदलला. झाकणावर मोठ्या अक्षरांत 'आता आणखी शुद्ध' असं आलं, जणू ही कल्पना त्यांनाच सुचली होती. दही फिकट दिसायला लागलं. शाळांचा आवाज वाढल्यामुळे बदलला, खप घसरल्यामुळे बदलला, की आणखी कशामुळे, कुणी सांगितलं नाही. मिस्त्रीनं ते बघितलं आणि त्याच पावली बाहेर येऊन मेहुणीला फोन लावला. या वेळी तिनं उचलला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "बदलला."

"हो. तुमच्या शाळेमुळे."

"कुणाला ठाऊक." पलीकडे मुलांचा गोंगाट होता. "जेवता ना नीट?"

"जेवतो."

"तास आहे माझा, भावोजी. करते नंतर."

"कर," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याला हॉस्पिटलच्या लिफ्टची नेहमीची तपासणी करायची होती. त्यानं वरपासून खालपर्यंत फेऱ्या मारल्या, कान देऊन आवाज ऐकला, प्रत्येक मजल्यावर दार उघडून बंद केलं. सगळं ठीक होतं. हत्यारं पिशवीत भरून झाली. तेवढ्यात तळमजल्यावर चार-पाच माणसं आत शिरली, हातात डबे, पिशव्या, फुलं. भेटायची वेळ झाली होती. मिस्त्री बटणांपाशी उभा होता. बाहेर पडायचं सोडून तो तसाच उभा राहिला.

"कितवा मजला?" त्यानं विचारलं.